शिवशरणअप्पांची तीन बटणं

लकवा मारल्यावर शिवशरणअप्पांना दुधनीहून सोलापूरला मुलाकडं आणलं, ते त्यांच्या मनाविरुद्धच. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, राग मात्र शाबूत होता. घरचं भुसार दुकान सोडून महेश्वरनं सोलापुरात मशिनी दुरुस्तीचं काम धरलं, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं.

अप्पांना दिवसभर टीव्हीवर शिवभक्तीची कानडी वचनं ऐकायची असत. मीडिया प्लेअरच्या रिमोटची बारीक बटणं डाव्या हाताच्या थरथरत्या बोटांना दाबता येत नसत. रिमोट पडला की ते सुनेवर, सिद्धेश्वरीवर, ओरडत. शेवटी महेश्वरनंच तोडगा काढला. प्लेअरच्या मागं सीरियल पोर्ट होता. कारखान्यातल्या मशिनींना तो अशाच पोर्टमधून हुकूम द्यायचा. त्यानं एका पेटीवर तीन मोठी बटणं बसवली, आत छोटं सर्किट टाकलं आणि केबल प्लेअरला जोडली. एक बटण चालू-बंदचं, एक आवाज चढवायचं, एक उतरवायचं.

अप्पांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी युद्ध सुरू केलं.

सिद्धेश्वरी ताट घेऊन आली की आवाज चढे. महेश्वरला फोन आला की भिंती हादरत. शेजारच्या महादेवीकाकू दारात येऊन म्हणाल्या, "घर हाय का लग्नाचा मांडव?"

महेश्वरनं सर्किटमधला प्रोग्रॅम बदलला. आता बटण कितीही दाबलं तरी आवाज एका मर्यादेपुढं जाईना. अप्पा दाबत राहिले. मग त्यांनी मान वळवून मुलाकडं बघितलं आणि कष्टानं शब्द काढला, "चोर."

तो शब्द महेश्वरला झोंबला. सर्किट घरच्या वायफायला जोडलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून त्यानं मोबाईलवर बोट ठेवलं आणि घरातला प्लेअर बंद केला. अप्पांनी बटण दाबून चालू केला; ते त्याला मोबाईलवर दिसलं. त्यानं पुन्हा बंद केला. दुपारभर असंच चाललं. शेवटी घरून बटण दाबलं जायचं थांबलं, तेव्हा तो एकटाच हसला.

मग सिद्धेश्वरीचा फोन आला. "लगेच या. मामंजी पडलेत."

तो आला तेव्हा अप्पा टीव्हीपुढं फरशीवर होते. पलंगावरून खाली घसरून, एका हातानं अंग ओढत ते तिथवर गेले होते. मुठीत प्लेअरमधून उपटलेली केबल होती. तिच्या टोकाच्या पिना वाकल्या होत्या. कपाळाला खोक पडली होती.

"सोडा ती," महेश्वर म्हणाला.

अप्पांनी मूठ आणखी आवळली.

"तुमी बंद करत होता ना, तिथनं?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"तुझ्यासाठीच केलं. तुलाच त्रास होता की."

"मी सांगितलं होतं? त्यांचं जेवण-खाण, हागणं-मुतणं मी काढते. आवाजानं मी काय मरत नव्हते." तिचा आवाज चिरकला. "सगळ्या घरात ती तीन बटणंच त्यांचं ऐकत होती. तीबी तुमाला बघवली न्हाईत."

अप्पांना पलंगावर निजवल्यावर महेश्वरनं चिमट्यानं पिना सरळ केल्या, आवाजाची मर्यादा काढली, मोबाईलची जोडणीही तोडून टाकली. पेटी अप्पांच्या डाव्या हाताखाली ठेवली.

"अप्पा, दाबून बघा. आता कुणी मधे येणार न्हाई."

अप्पांनी पेटी कोपरानं ढकलली. ती खाली पडली.

"ब्याड," ते कानडीत म्हणाले. नको. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "बसप्पा."

बसप्पा म्हणजे अप्पांचा दुधनीचा पुतण्या. महेश्वरला आशा होती, की राग उतरेल. तो उतरला नाही. अप्पांनी जेवण तोंडात घ्यायचं बंद केलं, तेव्हा बसप्पाला फोन करावा लागला. तो अप्पांना दुधनीला न्यायला गाडी घेऊन आला.

गाडीत बसवताना सिद्धेश्वरीनं अप्पांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा तळवा क्षणभर ठेवला. महेश्वर वाकला, तेव्हा त्यांनी बसप्पाला मानेनं खूण केली.

"चल म्हणतायत," बसप्पा म्हणाला आणि दार लावलं.