फळ्याचा पंचनामा

सकाळी सहा चाळीसला मावशी खडू घेऊन चौकात आल्या, तेव्हा पोलिसांची गाडी फळ्यासमोर उभी होती.

"अगबाई, आज वाचक लवकर आले," त्या म्हणाल्या.

साबणाच्या कारखान्याची पहिली पाळी सातला लागायची. त्याआधी फळा लिहून तयार हवा, हा सासऱ्यांचा दंडक. परक्यांचं राज्य होतं तेव्हा छापखान्याला परवाना लागायचा, खडूला लागत नसे. म्हणून सासऱ्यांनी चौकातल्या भिंतीवर आठ फुटी लाकडी फळा टांगला आणि वस्तीच्या बातम्या लिहायला सुरुवात केली. मावशी एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या. छापखाना बंद पडला, सासरे गेले, खडू मावशींच्या हाती आला आणि त्याबरोबर नियमही. डोळ्यांनी पाहिलेले दोघे सांगतील तेच लिहायचं. चूक झाली तर पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, ती तीन दिवस तशीच ठेवायची आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती लिहायची.

या वेळी चूक झाली होती. नगरपालिकेनं पाणीपुरवठा एका परदेशी कंपनीला दिला. ज्यांनी इथं शंभर वर्षं राज्य केलं, त्यांच्याच देशातली कंपनी. पहिल्याच आठवड्यात वस्तीच्या नळांना कुलपं लागली. बायका पंपघरासमोर जाऊन बसल्या आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर कंपनीची पानभर जाहिरात होती आणि पाचव्या पानावर दोन ओळी: 'पंपघराजवळ किरकोळ धावपळ. कोणीही जखमी नाही.' फळ्यावर होतं: 'पंपघरासमोर पोलिसांच्या लाठ्यांनी चौदा जण जखमी.'

संध्याकाळी सून कामावरून आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. जखमींची यादी तिनंच तोंडी सांगितली होती, तेरा जणांची. फळा वाचून तिनं कपाळाला हात लावला.

"आई, हा चौदावा कुठून आणलात?"

"आपला उंच जिराफ. त्याच्या डोक्याला लागलेलं चहावाल्यानं पाहिलं, सलूनवाल्यानंही पाहिलं."

"अहो, तो माझ्या यादीत आहे! जिराफालाही खरं नाव असतं. दवाखान्यात काय जिराफ म्हणून लिहून घेतील?"

"तीस वर्षं मी त्याला जिराफच म्हणतेय. आईबापांनी दुसरं काही ठेवलं असेल हे डोक्यातच आलं नाही," मावशी म्हणाल्या आणि ताटावरून उठून फळ्याकडे गेल्या. 'चौदा'वर रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'तेरा. एक माणूस दोनदा मोजला. चूक माझी.'

ही परवाची गोष्ट. आज ठाण्याचे साहेब त्याच ओळीसमोर उभे होते. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले.

"खोटी बातमी पसरवणं. कलम माहीत आहे ना, बाई?"

"चांगलं माहीत आहे. माझ्या सासऱ्यांवर हेच लावलं होतं. लावणारे बोटीत बसून गेले, कलम इथंच राहिलं."

"ओझं जास्त झालं असेल," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पाळीवर निघालेले लोक थांबायला लागले होते.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे पाहा, मला तुमच्या वयाच्या बाईला आत टाकायची हौस नाही. ओलं फडकं फिरवा आणि घरी जा. फळा राहील, तुम्हीही राहाल. सुनेची नोकरीही राहील."

फडकं खिळ्याला अडकवलेलं होतं. दोन मिनिटांचं काम. मावशींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. काल मनगटाला प्लास्टर घातलेली एक बाई येऊन फळ्यासमोर उभी राहिली होती. ओळ दोनदा वाचली आणि ताठ मानेनं निघून गेली.

"आमच्याकडे पुसायची पद्धत नाही," मावशी म्हणाल्या.

"मग जप्ती," साहेब म्हणाले. "पंच बोलवा."

पंच म्हणून शिपायानं समोरचीच दोन माणसं ओढून आणली, सलूनवाला आणि किराणावाला. दोघांची दुकानं रस्त्याला लागून, परवाने दरवर्षी नवे करायचे. हे काही बोलणार नाहीत असा हिशोब. लेखनिक हवालदार गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागला. लिहून झालं तसा त्यानं कागद पुढे सरकवला.

"करा सह्या."

सलूनवाल्यानं खिशातून चष्मा काढला.

"वाचताय कशाला?"

"अंगठा लावत असतो तर नसतं वाचलं, साहेब. सही करतो म्हणून वाचतो." त्यानं ओठ हलवत वाचलं. "यात 'चौदा जण जखमी' एवढंच आहे. रेघ कुठाय? पुढचं 'तेरा' कुठाय?"

मावशींनी मान पुढं करून कागद पाहिला. नुसतं चौदा कागदावर गेलं असतं तर दवाखान्याची नोंद शेजारी ठेवून त्यांना खोटं ठरवायला वेळ लागला नसता. त्या खोट्या ठरल्या असत्या तर तेराच्या तेरा खोटे ठरले असते.

"मुख्य मजकूर आलाय," लेखनिक म्हणाला.

"फळ्यावर आहे तेवढं सगळं आलं पाहिजे," किराणावाला म्हणाला. एरवी हा माणूस वजनाच्या काट्याशीसुद्धा हळू आवाजात बोलायचा. "मी अर्ध्या मालाची पावती देत नाही, साहेब."

"तुझा परवाना आहे ना रे?"

"आहे. भिंतीवर लावलाय. तोही पूर्ण वाचूनच घेतला होता."

साहेबांनी दुसरे पंच शोधायला शिपाई पाठवला. चहावाला म्हणाला, आधी वाचतो. चांभार म्हणाला, मला वाचता येत नाही, मोठ्यानं वाचून दाखवा. सातचा भोंगा झाला. कारखान्याकडे कोणी हललं नाही.

"लिही सगळं," साहेब शेवटी लेखनिकाला म्हणाले.

त्यानं नवा कागद घेतला. लिहून झाल्यावर तो कायद्याप्रमाणे पंचांना वाचून दाखवायला लागला.

"मागं ऐकू येत नाही!" चांभार ओरडला.

लेखनिकानं घसा साफ केला आणि सरकारी आवाजात, चौकभर ऐकू जाईल असं वाचलं: "...सदर फळ्यावर पांढऱ्या खडूने, पंपघरासमोर पोलिसांच्या लाठ्यांनी चौदा, या शब्दावर रेघ, जण जखमी. शेजारी, तेरा. एक माणूस दोनदा मोजला."

"एक राहिलं," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"'चूक माझी.'"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, हे तुमच्याच विरुद्ध जाईल. कबुली आहे ही."

"जाऊ दे की. माझी आहे ती मी घेतली. लिहा."

लेखनिकानं ते दोन शब्द लिहिले. पंचांनी सह्या केल्या, साहेबांनी खाली सही ठोकली आणि शिक्का उमटला. मावशींनी नक्कल मागितली. ती मिळेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

फळा गाडीत आडवा मावेना. उभा करून गाडीच्या बाजूला बांधायचं ठरलं.

"अक्षरं आतल्या बाजूला करा," साहेब म्हणाले.

लेखनिक चाचरला. "गाडीला घासून पुसली जातील, साहेब. मुद्देमाल आहे, आता शब्दनशब्द कागदावर चढलाय."

मग अक्षरं बाहेरच्या बाजूला राहिली. बाजारातून ठाण्याकडे जाणारा रस्ता अरुंद, गाडी बैलाच्या चालीनं निघाली. दोन्ही बाजूंची माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन वाचत होती. मावशी नक्कल घडी करून पदराखाली धरून गाडीमागून चालायला लागल्या. सलूनवाला आणि किराणावाला त्यांच्या दोन्ही बाजूंना, आणि मागं सगळी पहिली पाळी.