वेगानंद महाराजांचा पेढा

पिंपळगाव बसवंतच्या चौकात ढोल-ताशा कडाडत होता. वणीच्या घाटातली शर्यत जिंकून आलेला 'गरुडझेप' सायकल संघ उघड्या जीपमधून हात हलवत होता. लोक मात्र पाया पडत होते ते मागच्या रथातल्या वेगानंद महाराजांच्या.

"भक्तहो, हा नुसता पेढा नाही, हा मंतरलेला वेग आहे!" महाराज माइकवर गरजले. "माझी पोरं घाट चढत नाहीत, घाटच त्यांच्यापुढं वाकतो!"

घाट होता तिथंच होता, पण तो बघायला जातो कोण! प्रायोजक तर हार घेऊन रांगेत उभे होते.

गर्दीच्या कडेला उभी असलेली डॉ. हर्षाली जीपमधल्या महेशकडे, आपल्या धाकट्या भावाकडे पाहत होती. गेल्या वर्षी हाच संघ सगळ्यांच्या मागून यायचा. आता महेशच्या पाठीवर मोठाल्या पुटकुळ्या होत्या, बोलण्यात सदा चिडचिड आणि ऐन बाविशीत रक्तदाब म्हाताऱ्यासारखा. तिला धडकी भरली होती.

"महाराज तुम्हाला देतात त्या पेढ्यात काय असतं रे?" काही दिवसांनी तिनं घरी जेवताना महेशला विचारलं.

"प्रसाद हाय, ताई. डॉक्टर झाली म्हणून देवावरबी संशय घेती का?"

"मग एक मला आणून दे."

"आता नाय मिळायचा. पुढची शर्यत जवळ आली ना, शर्यतीआधी महाराज पेढा बंद करतात. पथ्य असतं."

"लय कडक पथ्य हाय बाई," आई, वत्सलाबाई, कौतुकानं म्हणाली. "आपण काढणीआधी फवारणी थांबवतो ना, तसंच."

हर्षालीचा घास हातातच राहिला. द्राक्षबागेच्या घरात वाढलेल्या पोरीला वेगळं काय सांगायचं? फवारणी थांबवतात ती द्राक्षांच्या नमुन्यात औषधाचा अंश सापडू नये म्हणून. मग प्रसादाचा अंश सापडेल, ही भीती कुणाला होती?

तक्रार केली तर महेशही बुडणार होता. तिनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पण भाऊ जिवानिशी जाण्यापेक्षा शर्यतीतून गेलेला बरा. "शर्यतीला येऊ नका," तिनं डोपिंगविरोधी कार्यालयाला सांगितलं. "पेढा चालू असताना सरावाला या."

शर्यत झाली, पेढे पुन्हा सुरू झाले आणि सिन्नरच्या सराव शिबिरात तपासणी पथक न सांगता येऊन थडकलं.

"दैवी शक्ती बाटलीत मावत नसते!" नमुन्यांच्या बाटल्या बघून महाराज कडाडले.

मावली की! सगळ्या पोरांच्या लघवीच्या नमुन्यांत स्टेरॉइड निघालं. पेढेही तपासले, गोळ्या कुटून खव्यात मळलेल्या होत्या. महिनोन्महिने खाऊ घालून ताकद वाढवायची आणि शरीरातून अंश निघून जावा म्हणून शर्यतीआधी थांबायचं, एवढाच तो मंत्र. पोलिसांच्या गाडीत बसताना महाराजांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांनी पेढा नाही, डॉक्टर मागितला.

संघ मोडला. प्रायोजकांनी भिंतींवरचे महाराजांचे फोटो काढले. महेशवर बंदी आली आणि त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून तिच्या दवाखान्यात आला आणि तपासणीसाठी हात पुढे केला.

"ताई, मला संशय आला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"जिंकत होतो ना."

वाचकहो, श्रद्धा कुणावर ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पोटात काय जातंय ते विचारा, हरताना विचाराल तसं जिंकतानाही विचारा. आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हातचं खाऊ नका.