शारपाँतिये बाईंची शेवटची ओळ

"खालून धर, खालून! कडेला बोट लावू नको. पॉलिश ताजं आहे."

"धरलंय हो बाबा. किती जड केलंत!"

"सागवान आहे. तुझ्या ऑफिसातला प्लायवूड नव्हे."

बहारीनमधल्या अमवाजच्या त्या उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये गणपत सुतार आणि त्यांचा मुलगा सुयोग चार फुटी फळी उभी धरून होते. शुक्रवार होता. सुयोगला बँकेत सुट्टी, आणि गणपतना संध्याकाळी मनामात कीर्तन. गेली सव्वीस वर्षं बुवांच्या मागे झांजा त्यांच्याच हातात असत. मुहर्रकच्या दुकानात रंधा मारतानाही त्यांच्या तोंडी अभंगच असायचा. लाकूडही ऐकतं, असं ते छातीठोकपणे सांगत.

"फॉर्म गाडीत आहेत," सुयोग म्हणाला. "माझा, आर्याचा आणि तुमचा. आज सही करून टाका. खलास."

फॉर्म आडनाव बदलण्याचे होते. गावच्या नावावरून सगळ्यांनी 'वेळणेकर' व्हायचं, असं सुयोगच्या मनात होतं. आडनाव ऐकलं की समोरचा अर्थ विचारतो आणि मग अर्थावरून माणूस जोखतो, हे त्याचं म्हणणं. लेकीला, आर्याला तरी हे नको.

"तुम्ही नाही केलंत तर एकाच घरात दोन आडनावं होतील, बाबा."

"आधी फळी पोचव."

दार शारपाँतिये बाईंनीच उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या ताठ. बावीस वर्षं इथल्या मुलांना फ्रेंच शिकवून आता पुढच्या आठवड्यात कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. खोलीभर खोकी बांधलेली. भिंतीवर फक्त एक खिळा उरला होता.

"गणपत! यल्ला, यल्ला, दाखवा."

फळी टेबलावर ठेवून गणपतनी वरची चादर काढली. बाईंनी आणून दिलेल्या कागदावरच्या वंशावळीचं एकेक अक्षर, डोक्यावरच्या रेघांसकट, त्यांनी जसंच्या तसं कोरलं होतं. वाचता एकही येत नव्हतं. बाई बोट ठेवून वाचू लागल्या आणि सुयोग त्यांचं इंग्रजी वडिलांना मराठीत सांगू लागला.

"हा पहिला जां. नॉर्मंडीतला. गावात चार जां होते, म्हणून कामावरून ओळखायचे. हा लाकूडकाम करणारा, म्हणजे जां शारपाँतिये. पुढे तेच घराण्याचं नाव झालं. त्याचा नातू सँ-मालो बंदरात जहाजं बांधायला गेला. त्याचा मुलगा जहाजाबरोबर मॉरिशसला. तिथून एक जण पाँडिचेरीला, गोदामांची छपरं करायला. त्याचा नातू मार्सेयला परतला. तो शिक्षक. लाकडाचं काम तिथे सुटलं, नाव राहिलं." सुयोगने बाईंचं पुढचं वाक्य ऐकून घेतलं. "आणि त्या म्हणतात, त्याच्याही आधी, जुन्या लॅटिनमध्ये, हा शब्द गाड्या करणाऱ्याचा होता."

"गाड्या?" गणपत एकदम उजळले. "सांग बाईंना, माझा आजा बैलगाडीची चाकं करायचा! आरे बसवताना गाव जमायचं बघायला."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांचं बोट सहाव्या ओळीवर आलं. एलेन, बहारीन. त्या स्वतः. बोट आणखी खाली सरकलं आणि थांबलं.

खाली एक ओळ आखलेली होती. दोन्ही टोकांना पानं कोरलेली, मध्ये काहीच नाही.

"हे काय?"

"ते आमच्यात असतं, मॅडम," गणपत हिंदीत म्हणाले; तेवढी बाईंना कळायची. "घराण्याची नावं कोरली की एक जागा पुढच्यासाठी ठेवायची. माझ्या बापाने शिकवलं."

बाई खुर्चीत बसल्या.  मग हळूच इंग्रजीत काही बोलल्या.

सुयोगचा चेहरा पडला. "बाबा, त्यांना भाऊ नाही, मूलबाळ नाही. हे नाव त्यांच्यापाशी संपतं. विचारायचं तरी होतंत! पट्टी लावून बुजवता येईल का?"

गणपतनी फळीवरून तळवा फिरवला. चूक कळली होती. त्यांनी ती हात जोडून मान्यही केली. पण बुजवायला ते तयार नव्हते.

"बुजवलं तर डाग दिसेल रे. सांग बाईंना, आमच्या कीर्तनात बुवा गाता गाता मध्येच थांबतात. दम घ्यायला म्हण, डोळे भरून येतात म्हणून म्हण. तेव्हा ओळ पडत नाही. मागे झांजा घेऊन उभे असतात ना, ते उचलतात. ते कुणी बुवांचे मुलगे नसतात."

सुयोगने सांगितलं. शेवटचं वाक्य त्याला दोनदा सांगावं लागलं.

बाईंनी डोळे पुसले. मग शिक्षिकेच्या आवाजात, पाढा विचारावा तशा, म्हणाल्या, "गणपत, तुमचं आडनाव काय? आणि त्याचा अर्थ?"

उत्तर सुयोगला द्यावं लागलं. जे सांगावं लागू नये म्हणून फॉर्म आणले होते, तेच. "सुतार," तो म्हणाला. "अर्थ... शारपाँतियेच."

बाईंनी मोकळ्या ओळीवर टकटक केलं. "मग इथे. तुमच्या लिपीत."

पटाशी पिशवीत होतीच. गणपतनी पेन्सिलीने तीन अक्षरं आखली, चष्मा वर सारला. "धर घट्ट," ते म्हणाले. सुयोग गुडघ्यांवर बसला आणि फळी दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली. हातोडा बेताने पडू लागला. एवढ्या जवळून त्याने वडिलांचं काम लहानपणानंतर आज पाहिलं. काना कोरताना ते नेहमीसारखे गुणगुणत होते.

निघेपर्यंत तरी म्हणून फळी खिळ्यावर चढली, तेव्हा बाईंनी सातही ओळी मोठ्याने वाचल्या. शेवटची सुयोगने सांगितल्याप्रमाणे.

गाडीत बसल्यावर गणपतनी आपणहून फॉर्म मागितले. स्वतःचा सही न करता नीट घडी करून बाकीच्या दोन्हींबरोबर परत दिला.

"तुझं नि आर्याचं तू ठरव. माझा आशीर्वादच आहे, रागबिग काही नाही. माझं मात्र आता लाकडात गेलं. चल, झांजा घरी आहेत."

सुयोगने तिन्ही कागद कप्प्यात ठेवले. त्याच्या काळ्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर सागाचा बारीक भुसा बसला होता. तो न झटकताच त्याने गाडी सुरू केली.