माठातलं एन्झाइम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक घरातून रिकाम्या हाताने निघाली, तर अमळनेरच्या कमलबाईंना रात्रभर डोळा लागत नाही. आणि डिंपल तर धुळ्याच्या लॅबमधून जळगावला जाताना जेमतेम अर्धा तास आईकडे थांबलेली. आईने मायेने काय करावं? थर्माकोलचा डबा उघडला, आतला निम्मा बर्फ मोरीत ओतला आणि खापरावरून उतरलेले गरमागरम मांडे त्यात कोंबले. थर्माकोलमध्ये गरम राहतात ना!

बर्फात होतं डिंपलचं आठ महिन्यांचं एन्झाइम. माणसाच्या पेशीत डीएनएचं एखादं अक्षर नासलं, तर नेमकं तेवढंच उपटून काढणारं. आज जळगावला त्याची परीक्षा. ते फुकट गेलं की पीएचडी आणखी एक वर्ष लांबली.

धरणगाव स्टँडवर डिंपलने डबा उघडला. मांडे ऊन होते, बर्फाचं पाणी झालेलं. एन्झाइमच्या नळ्या अजून गार होत्या म्हणून, नाहीतर तिथेच बसकण मारली असती.

समोर झुलालभाऊंचा कुल्फीचा माठ होता. तिने रडत-हसत सगळं सांगितलं.

"मीठना बरफ शे," झुलालभाऊ म्हणाले. "तुना फ्रिजबी फिका पडी. पन आधी बठ्ठी कुल्फी खपाले पाहिजे, मंग माठ लई जा."

कंडक्टर प्रेमराजने घड्याळ बघितलं, डोक्याला हात लावला आणि स्वतःच पहिली कुल्फी घेतली. मग काय, सगळी कुल्फी संपवायला अख्खी एसटी तुटून पडली. कोणी दोन, कोणी तीन. मधुमेहवाल्या मोतीलाल नानांनीही बायकोकडे पाठ करून एक हाणली. सात मिनिटांत कुल्फी संपली, माठात उरला नुसता मिठाचा बर्फ! नळ्या कुल्फीच्या साच्यात बसल्या, माठ डिंपलच्या मांडीवर, आणि अर्धी बस दर दोन मिनिटांनी विचारी, "गार शे ना?"

संध्याकाळी जळगावच्या लॅबमध्ये तिच्या गाइड चारुलता मॅडमनी डीएनएचे पट्टे दाखवणाऱ्या जेलखालचा दिवा लावला. धडधाकट डीएनएचा पट्टा जागच्या जागी होता. नासक्या डीएनएचा पट्टा अक्षर निघालं तिथे तुटून खाली घसरला होता. एन्झाइमने बरोबर खराब अक्षर हुडकलं होतं.

मॅडमनी दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. डिंपलला हसू आवरेना, आणि रडूही.

"डिंपल," मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून थीसिस लिहायला बस."