मिशीचा नंबर

न्हाव्याच्या दुकानावर नाव नव्हतं, नुसती मिशी होती. पाटीवर रंगाऱ्याने काढलेली, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. आणि आत खुर्चीमागे तशीच्या तशी न्हाव्याच्या तोंडावर. गिऱ्हाईक आधी पाटीकडे बघायचं, मग त्याच्याकडे, आणि विश्वासाने मान पुढे करायचं. अशी ही मिशी त्याने घोड्यावर लावली, ती साडूच्या नादाने.

साडू म्हणजे मेहुणीचा नवरा. बस चालवायचा, आणि जाईल तिथे आपलंच घोडं पुढे दामटायचा. मिशी त्यालाही होती, पण झिजलेल्या खराट्यासारखी. सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं जेवायला एकत्र बसली, तेव्हा तो म्हणाला, "साडूभाऊ, चला शर्यतीला. पण घोडा ओळखायला नजर लागते हं!"

"रोज माणसांची डोकी बघतो मी. घोड्याचं काय घेऊन बसलात?"

"मग लावता मिशी? ज्याचा घोडा मागे पडेल, त्याने उतरवायची."

न्हावी "लावली!" म्हणून बसला. आतून बायको ओरडली, "अहो, मिशीशिवाय घरी येऊ नका! परक्या माणसाला मी जेवायला वाढत नाही!"

मैदानावर शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवत होते. सात नंबरच्या घोड्याची आयाळ बघून न्हावी विरघळलाच. एक केस इकडचा तिकडे नव्हता. "हाच माझा," तो म्हणाला.

"केस बघून घोडा घेतात होय?" साडू हसला. "मी पाच नंबर घेणार. आतली खबर आहे."

साडूचं तिकीट काढून झालं होतं. न्हावी एकटाच खिडकीपाशी रांगेत उभा राहिला. पुढे दोघं होते. ते गेले, तसा आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "नंबर?"

आता दुकानात नंबर म्हणजे एकच गोष्ट. कोण आधी आलं, कोण मागून आलं. या कामात लबाडी करायची नाही, हे न्हावी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता. "दोघं माझ्या आधीचे," तो म्हणाला, "म्हणजे तिसरा."

चिठ्ठी हातात पडली. इथेही नंबराने काम चालतं हे बघून त्याला बरं वाटलं. तो बाजूला उभा राहिला, आपली पाळी आली की घोडा सांगू म्हणून. साडू येऊन बघतो तर हा अजून उभाच.

"कसली वाट बघताय?"

"हाक मारतील ना."

साडूने चिठ्ठी ओढून घेतली आणि पोट धरून खालीच बसला. "अहो, हे तिकीट आहे! तीन नंबरचा घोडा घेतलात तुम्ही!"

"छे छे, माझा सात!"

"तिकिटावर जो, तोच तुमचा. शब्द म्हणजे शब्द."

न्हाव्याने तीन नंबरकडे पाहिलं. बोथट कात्रीने कुणीतरी त्याची आयाळ पायऱ्या पायऱ्यांनी कापली होती. असा माणूस दुकानात आला असता, तर न्हाव्याने आधी त्याचं सांत्वन केलं असतं. त्याचा हात आपोआप मिशीवर गेला.

घोडे सुटले. सात नंबर आयाळ उडवीत पहिला आला आणि न्हाव्याने कपाळ बडवून घेतलं. लोक पांगायला लागले. पण तीन आणि पाच अजून यायचेच होते. सगळ्यांच्या मागून दोघं रमतगमत येत होते, पाच नंबर मानभर पुढे. रिकाम्या कठड्याला धरून दोन प्रौढ माणसं शेवटचा नंबर चुकवण्यासाठी घसा फोडत होती.

"पळ रे माझ्या राजा, तुझे केस मी नीट करून देतो!" न्हावी ओरडला.

साडूला चेव आला. त्याने डोक्यावरची गवती टोपी काढली आणि कठड्यावर ओणवा होऊन जोरजोरात हलवली. आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खायला लागलं. म्हणजे खरोखरच. पाच नंबर थांबला, कठड्याशी आला आणि टोपी चावू लागला. वरचा जॉकी लगाम ओढून दमला. शेजारून तीन नंबर आरामात निघून गेला.

"सोड मेल्या, टोपी सोड!" साडू म्हणत राहिला.

संध्याकाळी न्हाव्याने दुकान उघडून साडूला खुर्चीत बसवलं. दोन्ही बहिणी बघायला आल्या होत्या. खराटा खाली पडला. न्हाव्याने तोंड पुसून खुर्ची फिरवली, आणि मेहुणीने गालाला हात लावला. "अगंबाई! लग्नात होते त्याहून छान दिसतायत!"

न्हाव्याच्या बायकोने साडूला नीट न्याहाळलं. मग नवऱ्याला न्याहाळलं. बराच वेळ.

"अहो," ती म्हणाली.

"नाही," न्हावी म्हणाला.

"मी काही बोलले तरी का?"

"पाटीचं काय करायचं?"

"पाटीवर तुमचं नाव घालू की. तेवढंच लोकांना कळेल."

साडू गालावरून हात फिरवीत उठला, खुर्ची फडक्याने झटकली आणि वाकून म्हणाला, "या साडूभाऊ. तुमचा नंबर लागला."