कमी ऐकणाऱ्यांना मारलेली हाक

मी एक जुनी जाहिरात आहे, मित्रांनो. कागदावरची नाही, मोबाइलवर लग्नाचे फोटो आणि मांजरांचे व्हिडिओ यांच्यामधे मधेच टपकणारी. दिसल्याबरोबर तुम्ही जिला अंगठ्याने वर ढकलता ना, तीच मी. दिवसातून हजारदा ढकलून घ्यायचं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत! पार शिणले बघा.

माझा जन्म दवाखान्यामागच्या एका खोलीत झाला. कापड कारखान्यांतल्या मागांच्या खडखडाटाने किती कामगारांचे कान गेले, याचा सर्व्हे तिथे चालला होता. महिनाअखेर तीनशे कामगारांची उत्तरं आली नाहीत, तर कानांची मोफत तपासणी बंद पडणार होती. म्हणून सर्व्हेवाल्या ताईंनी मला घडवलं. काळा पडदा आणि त्यावर त्यांचा गोड आवाज: "तुम्हाला कमी ऐकू येतं का? मग इथे दाबा." डॉक्टर म्हणाले, "वा, काय आवाज लागलाय!" मी अशी फुगले, की विचारू नका.

वीस दिवसांत उत्तरं आली जेमतेम एकोणीस, तीही ठणठणीत कानांच्या कॉलेजकुमारांची. "कुचकामी आहे मेली," ताई म्हणाल्या. ऐकून जीव नकोसा झाला.

रविवारी ताईंचे बाबा शेजारी बसून मोबाइल बघत होते. त्यांनी चौतीस वर्षं माग चालवला होता. बाबांना जरासं कमी ऐकू येतं, एवढंच ताई धरून चालल्या होत्या. मी त्यांच्यासमोर आले, जीव तोडून बोलले. त्यांनी मला ढकललं.

ताईंनी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, माझी जाहिरात का घालवलीत?"

"ती होय? नुसतं काळं दिसलं गं. म्हटलं, बिघडलंय काहीतरी."

ताईंनी कपाळावर हात मारला. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना आम्ही बोलून बोलावत होतो!

त्याच दुपारी माझ्या अंगावर मोठी पांढरी अक्षरं उमटली. पहिला फॉर्म बाबांनीच भरला, एका बोटाने, सावकाश. मग फोन लेकीपुढे धरला. "बघ गं, बरोबर लिहिलंय ना?"

घरात काय अडचण येते, या प्रश्नाखाली लिहिलं होतं: 'लेक काय बोलते ते दोन वर्षं नीट कळत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून हसून मान हलवतो.'

ताईंना रडू आवरेना.

पुढे तीनशे उत्तरं भरली, तपासणी चालू राहिली आणि मला बंद करून टाकलं. माझी तक्रार नाही. दमलेच होते मी. मित्रांनो, मला खुशाल ढकला. पण आपल्या माणसाशी बोलताना मोबाइलमधून मान वर काढा आणि तोंड त्यांच्याकडे करा. निदान तुमचे ओठ तरी त्यांना दिसू देत.