अकराव्या वायरीची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे, संगणक आणि यंत्रं एकमेकांना जोडणारा. एका रुग्णालयात जिन्याखालच्या कपाटात राहतो. माझ्यात चोवीस वायरी येऊन मिळतात. काही घडलं, की मी एका ओळीत लिहून ठेवतो: किती वाजता, कुठे, काय. सोबत शून्य ते सातमधला एक आकडा घालतो. सात म्हणजे नुसत्या गप्पा, शून्य म्हणजे मी कोलमडलोच.

मी नवा होतो तेव्हा इथले एक काका माझी देखभाल करायचे. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या ओळी वाचायचे. "हा कधी खोटं बोलत नाही," असं सगळ्यांना सांगायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

काका निवृत्त झाले. नंतरच्या माणसांना माझं लिहिणं किचकट वाटलं. मी लिहीत राहिलो. जागा भरली की जुन्या ओळी आपोआप पुसल्या जायच्या, कोणी न वाचताच.

मग सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी आली. काचेच्या पेटीत, मुठीएवढ्या डोक्याची. तिच्या हृदयाचे ठोके अकराव्या वायरीतून माझ्याकडे यायचे आणि माझ्याकडून सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर जायचे. तो पडदा अधूनमधून कोरा पडू लागला. सिस्टर धावत पेटीपाशी जायची.

"सिस्टर, माझं पिल्लू?" तिची आई विचारायची.

"पिल्लू छान आहे हो. पडदाच दगा देतोय."

पडदा दोनदा बदलला. मी मात्र लिहीत होतो: अकरावी वायर, संपर्क तुटला. आकडा तीन.

शेवटी यंत्रं सांभाळणाऱ्या ताईनं माझी नोंद उघडली आणि डोक्याला हात लावला. तिनं काकांना फोन केला.

"काका, आठशे ओळी आहेत! कुठून वाचू?"

"सगळ्या नको गं. आधी आकडा बघ. जितका लहान, तितकं दुखणं मोठं. मग वेळ बघ."

ताईनं ओळी चाळल्या. "तीन आकडा अकराव्या वायरीवरच आहे. रोज सव्वानऊ आणि सव्वाएक."

"मग सव्वाएकला तिथं जाऊन उभी राहा. कुठे दुखतं ते तो सांगतो. का दुखतं ते आपण शोधायचं."

ताई खोलीच्या दाराशी उभी राहिली. धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत मावशी आल्या. चाक उंबऱ्यावर चढलं आणि आतून सिस्टर ओरडली, "गेला पडदा!" उंबऱ्यावरच्या पट्टीखाली वायर चेपली जात होती.

"अगं बाई, माझ्याच गाडीनं?" मावशींचे डोळे भरले.

"तुमचा काय दोष मावशी? वायर तिथून नेणाऱ्यानं विचार करायला हवा होता."

ताईनं नवी वायर भिंतीवरून वर नेली. दुसऱ्या दिवशी सव्वाएकला गाडी गेली, पडदा चालूच राहिला. त्या दुपारी आई खुर्चीतच गाढ झोपली. मावशींनी तिच्या अंगावर चादर घातली.

महिन्याभरानं मी पुन्हा लिहिलं: अकरावी वायर, संपर्क तुटला. आकडा तीन. ताई धावतच वर गेली. परत आली ती हसत. "अरे वेड्या, पोरगी घरी गेली! पेटी पुसायला काढलीय."

मित्रांनो, मला एवढंच लिहिता येतं. त्यातलं दुःख कोणतं आणि आनंद कोणता, हे उठून बघायला माणूसच लागतो. आमच्या ओळी वाचत जा, आणि वाचून झाल्यावर जिना चढून बघून या.